मानेंचे तीन सेकंद

वेबसाइट उघडायला तीन सेकंदांहून जास्त लागले, की आमचे दिगंबर माने खुर्चीतून ताडकन उठतात. बसून वाट बघणं म्हणजे म्हणे अपमान गिळणं.

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या छोट्याशा ऑफिसात आम्ही वेबसाइट बनवतो. मजकूर मी लिहिते, बांधणी माने करतात. ते मूळचे करमाळ्याकडचे. चिडले की गावची बोली उसळते. नवी पेठेतल्या एका साडीवाल्यांनी एकदा कॅमेऱ्यातले फोटो जसेच्या तसे पाठवले. माने कडाडले, "फोटो हाय का म्हैस? मोबाइलवर बोटभर दिसणार, त्याला एवढं वजन कशाला?" सगळे फोटो लहान आणि हलके केले, खालचे फोटो माणसानं पान खाली सरकवल्यावरच उघडतील असं केलं, तेव्हा कुठे त्यांनी चहा घेतला.

मग एका नर्सिंग कॉलेजचं प्रवेशाचं काम आलं. प्राचार्यांना पहिल्याच पानावर व्हिडिओ, सरकते फोटो आणि संगीत हवं होतं.

"पोरींनी फॉर्म भरायचा का तुमचं संगीत ऐकायचं?" माने भर बैठकीत गरजले.

"अहो, आता सगळ्यांकडे चांगलं नेट असतं."

"सगळ्यांकडं म्हंजी कुणाकडं? वाडीवर येऊन बघा की एकदा!"

काम हातचं जाणार म्हणून मी त्यांची बाही ओढली, ऐकतायत कसले! शेवटी प्राचार्यच दमले. व्हिडिओ गेला, संगीत गेलं, बिनकामाच्या कोडचा पसारा गेला. इतर साइट्सची गर्दी असलेल्या स्वस्त सर्व्हरवरून साइट चांगल्या सर्व्हरवर हलली. उरला साधा फॉर्म, टिचकीसरशी उघडणारा.

अडचण आली तर म्हणून फॉर्मवर मानेंचाच नंबर दिला होता; अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी त्यावर फोन आला. कुठल्याशा खेड्यातली मुलगी होती. "सर, हितं रेंज लई कमी हाय. पण फॉर्म गेला!"

"गेला ना? बास," म्हणून मानेंनी फोन ठेवला आणि तोच फॉर्म पुन्हा पुन्हा उघडून बघू लागले. मी विचारलं, काय झालं?

"आमच्या ताईचा गेला न्हवता," ते म्हणाले. "तिलाबी नर्स व्हायचं हुतं. शेवटच्या दिवशी पत्र्यावर चढून रेंज धरून बसली. पान उघडंचना. मी तवा हितं सोलापुरात शिकायला. धा-बारा फोन केले तिनं मला."

"मग?"

"मग काय? दर फोनला तिलाच वरडलो. म्हणलं, तुलाच येत न्हाय."