नऊ माणसं पाठवा

आमच्या माजरीच्या मासळीबाजारात एझ्राभाऊ कोर्लईकर भिंग घेऊन जातात. खाणीच्या नकाशांवरच्या बारीक रेघा वाचायचं ते जुनं भिंग. सर्व्हेअरची नोकरी संपली, भिंग खिशातून सुटलं नाही. माशावर ते धरायचं, नखानं एक खवला उचकटायचा, उजेडात बघायचा आणि मगच मासा पिशवीत टाकायचा. खवले नसलेला मासा यहुद्यांना चालत नाही. आता रोहूला खवले असतात हे कोणीही डोळे मिटून सांगेल, पण एझ्राभाऊ दर खेपेला नव्यानं खात्री करून घेतात. मासे विकणाऱ्या शेवंताबाईनं एकदा कंटाळून विचारलं, "भाऊ, कालच्याच तळ्यातला हाये. रोज काऊन पाह्यता?"

"आमच्या मंडळीचा नियम हाये, बाई."

ही 'आमची मंडळी' त्यांच्या बोलण्यात सारखी येते. आमची मंडळी शनिवारी चूल पेटवत नाही. आमच्या मंडळीनं यंदा भिंतीला चुना मारायचं ठरवलं आहे. ऐकणाऱ्याला वाटावं, गावात यहुद्यांची शंभर घरं आहेत. प्रत्यक्षात मंडळी म्हणजे एकटे एझ्राभाऊ. चुनाही त्यांनीच मारला, शिडी मी धरली. मी शेजारी, शाळेतून निवृत्त झालेला मास्तर, त्यामुळे अशा कामांना मोकळा सापडतो.

एके काळी खरंच मंडळी होती. एझ्राभाऊंचे आजोबा कोकणातून रेल्वेच्या नोकरीला इकडे आले. मागोमाग भाऊबंद आले, कोणी रेल्वेत, कोणी खाणीत लागले. अकरा घरं झाली. त्यांनी स्टेशनजवळ एक कौलारू खोली बांधली आणि कोकणातल्या सवयीप्रमाणे तिला मशीद म्हणू लागले. नवा पोस्टमन आला की तिचं टपाल हमखास स्टेशनपलीकडच्या मुसलमानांच्या मशिदीत जाई. मग तिथले मौलवी सायकलवरून ते आणून देत आणि एझ्राभाऊंकडे चहा घेऊन जात.

पुढे मंडळी पांगली. कोणी ठाण्याला गेलं, बरेचसे इस्राएलला गेले. एझ्राभाऊ आणि त्यांची बायको रिबकाबाई राहिली. मूलबाळ नव्हतं. मग रिबकाबाईही गेल्या. खोलीत उरलं एक शिसवी कपाट आणि कपाटात तोरा. चामड्यावर हातानं लिहिलेली ती त्यांच्या धर्मग्रंथाची भलीमोठी गुंडाळी. एझ्राभाऊ दर शुक्रवारी कपाट उघडून तिच्यावरचं मखमली कापड झटकतात, पुन्हा बंद करतात. वाचत मात्र नाहीत.

तीन वर्षांपूर्वी कोकणातल्या एका गावाहून पत्र आलं. तिथल्या यहुद्यांच्या तोराची शाई उडाली होती, तुमची गुंडाळी मिळेल का, असं विचारलं होतं. एझ्राभाऊंनी कळवलं, सभेपुढे ठेवतो. सहा महिन्यांनी दुसरं पत्र आलं. यांनी कळवलं, सभेत मतभेद आहेत. तिसऱ्या पत्रानंतर मला राहवलं नाही. मी म्हटलं, भाऊ, सभा तुम्ही, सभासद तुम्ही, मतभेद कोणाशी?

मग त्यांनी मला सांगितलं की दहा यहुदी पुरुष जमल्याशिवाय तोरा उघडून वाचता येत नाही. मेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थनाही दहा असल्याशिवाय होत नाही. मला एकदम रिबकाबाईंच्या दफनाचा दिवस आठवला. सगळी वसाहत जमली होती. एझ्राभाऊंनी पुस्तक उघडलं, आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि पुस्तक मिटलं. त्यांना रडू आवरत नसेल, असं मला तेव्हा वाटलं होतं.

"दीडशे माणूस होता, मास्तर," ते म्हणाले. "आमच्या नियमानं एकच."

त्याच संध्याकाळी त्यांनी उत्तर लिहिलं. मीच ते पेटीत टाकलं. तोरा द्यायला मंडळीची हरकत नाही. मात्र न्यायला नऊ माणसं पाठवा. दहावा इथे आहे.

आणि नऊ माणसं आली. रजा टाकून, एका गाडीत दाटीवाटीनं बसून, रविवारी दुपारी. एझ्राभाऊंनी प्रत्येकाला नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, मूळ गाव विचारलं. भिंग तेवढं काढलं नाही. रात्री ते सगळे आमच्या गल्लीत विखरून झोपले. सोमवारी सकाळी, तोरा वाचायचा वार म्हणून, खोली उघडली. मी खिडकीपाशी उभा होतो.

एका तरुणानं वाचलं. एझ्राभाऊ शेजारी उभे राहून ओळीवर बोट धरल्यासारखे पाहत होते. मग मृतांच्या प्रार्थनेची वेळ आली. त्यांनी माजरीत वारलेल्या एकेकाचं नाव घेतलं, अगदी तान्ह्या मुलांचंसुद्धा. शेवटी रिबकाबाईंचं घेतलं. प्रार्थनेच्या दुसऱ्याच शब्दावर त्यांचा आवाज अडकला. नऊ जण थांबले. कोणी खाकरलं नाही, कोणी पुढचा शब्द सुचवला नाही. मग आवाज आला आणि त्यांनी ती शेवटपर्यंत म्हटली.

नंतर पोहे, गूळ आणि खोबऱ्याचा मलिदा वाटला. नारळ माझ्या बायकोनं खवले होते. माशाचं कालवण आणि भात झाला. गाडी निघाली तेव्हा एझ्राभाऊ तोरा मांडीवर घेऊन फाट्यापर्यंत बसले. मी स्कूटरवर मागोमाग गेलो. फाट्यावर तो वाचणारा तरुण म्हणाला, काका, तुम्हीही चला, आमच्याकडे दर शनिवारी दहा जमतात. एझ्राभाऊ म्हणाले, सभेपुढे ठेवतो. गुंडाळी त्याच्या हातात देऊन ते खाली उतरले.

परतताना ते माझ्या मागे स्कूटरवर बसले. वाटेत त्यांच्या कबरी आहेत, तारेच्या कुंपणातल्या. तिथे त्यांनी खांद्यावर हात ठेवून मला थांबवलं. मी स्कूटरपाशीच राहिलो. ते आत गेले, रिबकाबाईंच्या दगडावरचा पाला काढला आणि गुडघ्यावर हात टेकून वाकले.

"दहा झाले व, रिबका," ते म्हणाले. "पोट्टे चांगले होते. पोटभर जेवून गेले."