वाघोलीचा पळस आणि कांबळेबाई

कांबळेबाई झाडाला ‘अहो’ म्हणतात आणि आम्हा सगळ्यांना अरे-तुरे.

आमच्या वाघोलीच्या सोसायटीत मागच्या भिंतीला लागून एकच पळस आहे. भोवती नुसत्या इमारती; बाकीचे पळस लांब डोंगरांवर. फाल्गुनात तो केशरी पेटतो. त्याच्याखाली खुर्ची टाकून, दुर्बीण लावून बाई बसतात. पाकळ्या केसांत पडतात, त्या काढत नाहीत. कोणी हॉर्न वाजवला की छत्री उगारतात. “पाहुणे आलेत, कळत नाही?” पाहुणे म्हणजे शिंजीर आणि मैना.

बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या. माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतात, एकट्याच.

मागे सभेत सेक्रेटरी म्हणाले, “बाई, एकच तर झाड आहे. पार्किंग होईल.”

“एकच आहे म्हणूनच! डोंगरावरचे पळस एकमेकांचे भाऊबंद. त्यांच्यात नाही असं काहीतरी याच्यात असेल. आणि या डोंगरावरून त्या डोंगरावर जाणारं पाखरू मध्ये टेकणार कुठे? तुझ्या स्कूटरवर?”

सभा हसली. झाड वाचलं.

पण त्याला शेंग धरत नव्हती. “पळसाला सहसा स्वतःचा पराग चालत नाही,” बाई मला सांगायच्या. “कोणीतरी लांबून आणायला हवा.” दर उन्हाळ्यात त्या मान वर करून फांदी न् फांदी बघायच्या आणि रिकाम्या हातानं जिना चढायच्या.

यंदा एका सकाळी माझी बेल वाजली. दारात बाई, अनवाणी. तळहातावर कागदासारखी हलकी शेंग, टोकाला एकच बी.

“आलं गं कोणीतरी,” एवढंच म्हणाल्या.

मला वाटलं, कुंडीत लावतील. त्यांनी मला रिक्षा बोलवायला लावली आणि आम्ही थेट पळसांच्या डोंगरावर गेलो. वाऱ्यावर सगळी पानं सळसळत होती. बाईंनी मोकळी जागा बघून छत्रीच्या टोकानं माती उकरली.

“सिमेंटच्या धगीत इतकी वर्षं टिकलाय तो. तो चिवटपणा यात उतरला असेल, तर इथल्यांच्या कामी येईल.”

“पण बाई, एकच बी होतं. घरी लावलं असतं तर डोळ्यांसमोर राहिलं असतं.”

“राहिलं असतं,” माती दाबत त्या म्हणाल्या. “पण गोतावळ्यात वाढू दे गं.”

उतरताना त्यांचा पाय घसरला. मी हात धरला. पुढे सपाट वाट लागली, रिक्षा दिसली, तरी बाईंनी माझा हात सोडला नाही. दुसरीकडे बघत म्हणाल्या, “ऊन फार आहे आज.”

मी म्हटलं, “हो ना. सावकाश जाऊ.”