डीकन बोल्डेन गिटार घ्यायला जातात

पास्टर गिलियम ऐन भरात आले होते, नेमकी तेव्हाच गिटार गप्प झाली.

पास्टरांचं प्रवचन साध्या बोलण्याने सुरू व्हायचं. मग हळूहळू वाक्यांना चाल लागायची आणि पाऊण तासाने ते सरळ गायलाच लागायचे. ते एक ओळ टाकायचे, ब्रदर होझियाची विजेवर चालणारी लाल गिटार ती वरच्या वर झेलून झील धरायची, की अख्खं गिलियड चर्च उभं. त्या रविवारी पास्टर बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्यासमोर जिवंत होऊन उठणाऱ्या वाळक्या हाडांपाशी पोचले होते. "आणि त्या हाडांना..." त्यांनी सूर लावला, "आणि त्या हाडांना..." उत्तरादाखल गिटारमधून 'खर्रर्र' असा आवाज आला आणि पाठोपाठ तोही बंद पडला. पास्टर थांबले. त्यांनी वाट पाहिली. हाडं जिथल्या तिथे पडून राहिली. शेवटी त्यांनी कपाळ पुसलं, घसा खाकरला, शुक्रवारी कॅटफिशचं जेवण आहे, नावं द्या, असं जाहीर केलं आणि ते खाली बसले.

इथवर ठीक होतं. पण चर्च सुटल्यावर दारात उभं राहून पास्टर म्हणाले, "पुढच्या रविवारी लिहूनच आणतो. वाचून दाखवतो. माझंही आता वय झालं."

हे ऐकून चर्चची व्यवस्था पाहणारे डीकन थॅडियस बोल्डेन दारातच थबकले. पुढचा रविवार म्हणजे पास्टरांच्या सेवेची पंचवीस वर्षं पुरी होण्याचा दिवस. त्या दिवशी वाचून दाखवणार? कागदावरून? टपाल खात्यातल्या चौतीस वर्षांतली निम्म्याहून जास्त डीकनांनी रविवारच्या आशेवर काढली होती. सोमवार ते बुधवार झालेलं प्रवचन गुणगुणायचं आणि गुरुवारपासून येणाऱ्याची वाट पाहायची. गायलेल्या प्रवचनाशिवाय आठवडा ही कल्पनाच त्यांना करवेना.

"पास्टर गाणारच," ते होझियाला म्हणाले. "तू फक्त गिटार तयार ठेव."

"कुठली तयार ठेवू? ती मेलीय."

"उठवू."

उठवायचे सगळे उपाय डीकनांनी बुधवारपर्यंत करून पाहिले. चर्चमधलं अभिषेकाचं तेल त्यांच्याच ताब्यात असायचं. कोटाच्या आतल्या खिशात ऑलिव्ह तेलाची बाटली कायम. दर शनिवारी दरवाजा, बाकं, व्यासपीठ अशी एकेक वस्तू तेलाचं बोट लावून, प्रार्थना करून ते रविवारसाठी सज्ज करत. या आठवड्यात त्यांनी गिटारवर सोमवारी प्रार्थना केली, मंगळवारी केली, बुधवारी तर होझियालाही गुडघे टेकायला लावले. गिटार ढिम्म. तेव्हा गुरुवारी सकाळी डीकनांनी नवी गिटार घ्यायचं पक्कं केलं, जुनी बदल्यात द्यायला बरोबर घेतली, होझियाला शेजारी बसवलं आणि मेम्फिस शहराचा रस्ता धरला.

गाडीत मागच्या सीटवर चर्चमधल्या सर्वांत वडीलधाऱ्या मदर ओडेसा प्रुइट बसल्या होत्या. वय ब्याऐंशी, डोक्यावर जांभळी टोपी, मांडीवर चर्चची पैशांची पर्स. डीकन सहा वर्षांचे असताना त्यांना बायबलच्या पुस्तकांची नावं ओळीने पाठ करायला लावणाऱ्या त्याच.

"थॅडियस, आधीच सांगून ठेवते. सगळ्यात स्वस्त जी असेल ती."

"मदर, पंचवीस वर्षांतून एकदा..."

"छप्पर गळतंय. तेही पंचवीस वर्षांतून एकदाच गळतंय का? तू गाडीकडे बघ."

दुकानाच्या दारात डीकनांनी सवयीने खिशातली बाटली काढली आणि चौकटीला तेलाचं बोट लावलं. आतून टोबिन नावाचा लांब दाढीचा विक्रेता आला, त्याने चौकटीकडे बघितलं, तेल फडक्याने पुसलं आणि तो म्हणाला, "या. काय दाखवू?"

"लाल गिटार," डीकन म्हणाले. "प्रवचनाला झील धरणारी."

टोबिनने भिंतीकडे हात केला. भिंतीवर एकाच कंपनीच्या चार लाल गिटारी एका ओळीत टांगलेल्या. तोच आकार, तोच रंग, त्याच सहा तारा. किमतीच्या चिठ्ठ्या मात्र दोनशे एकोणतीस, सहाशे नव्व्याण्णव, सोळाशे आणि एकोणचाळीसशे डॉलर.

मदर ओडेसांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "या चौघी बहिणी दिसतायत. मग एकीचा हुंडा एवढा का?"

"ही पहिली शिकणाऱ्यांसाठी," टोबिन म्हणाला. "वाईट नाही हं. हल्ली मशीनवर छान बनतात. फक्त खुंट्या जरा ढिल्या, सूर मध्येच उतरतो."

"किती वेळाने उतरतो?" डीकनांनी विचारलं.

"अर्ध्या तासाने वगैरे."

"आमचे पास्टर पाऊण तासाने गायला लागतात." डीकनांनी पहिली गिटार नजरेनेच बाद केली. "पुढची."

"हिच्या खुंट्या पक्क्या. तारांचा आवाज टिपणारी चुंबकंही बरी. मात्र आवाज खूप वाढवलात तर शिट्टी मारते."

"आमच्याकडे आवाज कमी कधीच नसतो," होझिया म्हणाला.

"मग हिचीच वरची आवृत्ती आहे, फक्त ऐंशी डॉलर जास्त. पण ऐंशी देणारच असाल तर आणखी दीडशेत लाकूड चांगलं मिळतं. आणि तिथवर आलातच तर खरं सांगू का, सोळाशेची घ्या, ती इथे आपल्या देशात बनते, नातवंडं वाजवतील."

"एवढे पुढे आलोच आहोत तर..." डीकनांचे पाय आपोआप चौथ्या गिटारकडे वळले.

"थॅडियस!" मदर ओडेसांनी पर्स छातीशी धरली. "दारातून आत आल्यापासून तू सात पावलं चाललास आणि सदतीसशे डॉलर वर चढलास. आणखी तीन पावलांत चर्च विकशील."

"मदर, नुसतं बघतोय हो."

पण बघितल्यावर तेही गोंधळले. एकोणचाळीसशेच्या गिटारचा रंग उडालेला, कडा झिजलेल्या, पाठीवर पट्ट्याच्या बक्कलचे ओरखडे, धातूला गंज.

"ही वापरलेली आहे," डीकन म्हणाले.

"नाही नाही, कोरी आहे," टोबिन अभिमानाने म्हणाला. "कारागिरांनी हाताने जुनी केलीय. चाळीस वर्षं वाजवल्यासारखी दिसावी म्हणून."



"म्हणजे नवी गिटार घ्यायची," मदर ओडेसा एकेक शब्द तोलून म्हणाल्या, "ती माणसं बसवून घासायची, खरवडायची, आणि त्याचे पैसे मी द्यायचे? अरे बाबा, आमच्या होझियाने आमची फुकटात खरवडलीय! जा, ती जुनी आतल्या दुरुस्तीवाल्याला दाखव. बदल्यात काय सुटतील ते कळू दे. आणि आम्हाला पहिलीच बांधून दे." टोबिन जुनी गिटार आत देऊन आला.

"पहिली नाही," डीकन म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण चौतीस वर्षं कुत्र्यांच्या दारात पत्रं टाकणाऱ्या माणसाचा ठामपणा त्यात होता. "मदर, मला किमतीचं काही नाही. जिच्यावर पास्टर गातील ती घ्यायची. दोनशेच्या गिटारवर गायले तर दोनशेची. पण न गाणारी फुकट मिळाली तरी मला नको."

"आणि ते गातील हे तुला इथे कसं कळणार?"

डीकनांनी फोन काढला.

पास्टर घरी रविवारचं प्रवचनच लिहीत बसले होते. "झालं तेवढं वाचून दाखवता का?" डीकनांनी गोड आवाजात विचारलं. "कानावरून गेलेलं बरं." पास्टर तयार झाले. डीकनांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवून काउंटरवर उभा केला. मदर ओडेसांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली. "मी बघणार नाही, म्हणजे कुणी म्हणायला नको की म्हातारी चिठ्ठ्या बघून ठरवते." त्यांनी पर्समधून पांढरा रुमाल काढला, तोही घट्ट मुठीत दाबून धरला. प्रवचन रंगलं की तो रुमाल आपोआप हवेत जायचा, आणि आज त्यांना तो हवेत जायला नको होता. डीकनांनी डोळे मिटले आणि हात जोडले. होझियाने पहिली गिटार घेतली.

"आणि परमेश्वराचा हात," फोनमधून पास्टर वाचू लागले, अगदी विमा कंपनीचं पत्र वाचावं तसे, "माझ्यावर आला. स्वल्पविराम."

होझियाने हलकेच उत्तर दिलं.

"तुमच्याकडे कुणी काही तळतंय का?" पास्टरांनी विचारलं.

दुसरी गिटार. पास्टर दोन वाक्यं वाचून म्हणाले, "छान आहे," आणि तसंच सपाट पुढे वाचू लागले. सोळाशेच्या गिटारवर त्यांचा आवाज किंचित हलला. डीकनांनी जोडलेले हात आवळले, पण आवाज परत जागेवर बसला. चौथीवर पास्टर थांबून म्हणाले, "वा! फार गोड. बँकेत रांगेत उभं राहिल्यावर लागतं तसं."

"चारही संपल्या," टोबिन कुजबुजला.

"पास्टर, थांबू नका!" डीकनांनी डोळे न उघडताच फर्मावलं. "होझिया, तूही थांबू नकोस. परत पहिलीपासून!"

तेवढ्यात आतला दुरुस्तीवाला हात पुसत बाहेर आला. त्याच्या हातातली गिटार होझियाने पाहिली, दुरुस्तीवाला काही बोलणार एवढ्यात ओठांवर बोट ठेवलं, गिटार गळ्यात अडकवली आणि वायर जोडून एकच सूर सोडला.

फोनमध्ये पास्टर वाचत होते, "आणि त्या हाडांना तो म्हणाला..." ते अडखळले. "त्या हाडांना तो..."

होझियाने ओळ झेलली.

"म्हणाला-आ..."

गिटारने ती परत पाठवली.

"म्हणाला, अरे हाडांनो!" कागद खाली पडल्याचा आवाज दुकानभर ऐकू आला. पास्टर गिलियम आपल्या स्वयंपाकघरात उभे राहून गायला लागले होते. हाडाला हाड लागलं, सांध्याला सांधा लागला, आणि प्रत्येक सांध्याला होझियाने तारेची गाठ मारली. ढोल बघायला आलेल्या दोन बायका जागच्या जागी डोलू लागल्या. हातभर गोंदवलेला एक गिऱ्हाईक टोपी काढून "गा, पास्टर!" असं ओरडला. टोबिन काउंटरवर ताल धरू लागला. आणि भिंतीकडे तोंड करून बसलेल्या मदर ओडेसांचा उजवा हात, त्यांनी डाव्या हाताने धरून ठेवला असतानाही, सुटला आणि वर गेला. पांढरा रुमाल दुकानाच्या दिव्यांखाली फडफडू लागला.

"हीच!" त्या ओरडल्या. "थॅडियस, किंमत सांगू नकोस! ऐकलं तर हात आखडेल! हीच घे!" आणि त्यांनी मागे न बघता उघडी पर्स पुढे केली.

डीकनांनी डोळे उघडले. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. मग त्यांना होझियाच्या गळ्यातली गिटार दिसली. रंग उडालेला, कडा झिजलेल्या, पाठीवर बक्कलचे ओरखडे.

"एकोणचाळीसशेची?" त्यांनी विचारलं.

"आपली," होझिया म्हणाला.

"आपली मेली होती."

"मेली नव्हती हो," दुरुस्तीवाला म्हणाला. "आतली बटणं उघडली तर तेल! वायर खोचायच्या खोबणीत तेल, सगळ्या जोडांत तेल. वाटीभर तरी निघालं. ऑलिव्हचं होतं, वासावरून कळलं. पुसून स्वच्छ केली, लागली बोलायला. पण मला एक सांगा, यात सॅलड कुणी केलं?"

मदर ओडेसांनी डीकनांकडे खुर्ची फिरवली. होझियाने मान फिरवली. टोबिनला चौकट आठवली आणि त्यानेही मान फिरवली. डीकनांचा हात कोटाच्या आतल्या खिशावर जाऊन थांबला होता.

"किती वर्षं?" मदरनी विचारलं.

"अकरा," डीकन म्हणाले. "दर शनिवारी. बाकांना एक बोट लावायचो. हिला... हिला जरा जास्त. विजेची वस्तू, म्हटलं, हिला गरज जास्त."

"आणि या आठवड्यात?"

"या आठवड्यात आजारी होती ना."

फोनमधून पास्टर अजून गात होते. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

दुरुस्तीचे पंचेचाळीस डॉलर मदर ओडेसांनी हसत हसत दिले आणि टोबिनला रविवारच्या प्रवचनाचं आमंत्रणही दिलं. परतीच्या वाटेवर मात्र त्या गंभीर झाल्या. "थॅडियस, आजपासून गिटारला हात लावायचा नाही. शब्द दे."

डीकनांनी शब्द दिला आणि शनिवारी तो तंतोतंत पाळला. गिटारच्या पेटीला होझियाने कुलूप घातलं होतं, त्या कुलपालाही त्यांनी हात लावला नाही. दरवाजा झाला, बाकं झाली, व्यासपीठ झालं. तरी बाटलीत गिटारच्या वाट्याचं तेल शिल्लक राहिलंच.

रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटच्या बाकावर टोबिन दाढी विंचरून बसला होता. पास्टर कागद न घेताच उभे राहिले. पाऊण तास झाला. वाक्यांना चाल लागली. लाल गिटार झील धरू लागली, मदर ओडेसांचा रुमाल वर गेला आणि पास्टरांनी वरच्या पट्टीत आवाज सोडला, "आणि ती हाडं..."

'खर्रर्र,' माइक म्हणाला आणि गप्प झाला.

या वेळी पास्टर थांबले नाहीत. त्यांनी माइक बाजूला ठेवला, छाती भरून श्वास घेतला आणि उघड्या आवाजात गायला सुरुवात केली. होझियाने गिटारचा आवाज त्यांच्या आवाजाखाली आणून धरला. चर्च उभं राहिलं. छप्परसुद्धा गळायचं विसरलं असेल.

मदर ओडेसांचा रुमाल मात्र हवेत अर्ध्यावर थांबला होता. त्यांनी मान सावकाश डीकनांकडे वळवली. डीकन समोर बघत होते, फारच सरळ समोर.

"एकच थेंब," ते ओठ न हलवता म्हणाले. "पंचवीस वर्षं झाली म्हणून."

मदरनी तळहात पुढे केला. डीकनांनी खिशातून बाटली काढून त्यावर ठेवली. ती पर्समध्ये गेली, पर्सचं बक्कल खट्कन लागलं.

"मदर," डीकन अगदी हळू आवाजात म्हणाले, "मंगळवारी टोबिनकडे जाऊन येऊ या का? माइकमध्येही चार प्रकार असतीलच."

पास्टरांनी पुढची ओळ टाकली, गिटारने ती झेलली, आणि मदर ओडेसांचा रुमाल पुन्हा वर गेला. या वेळी डाव्या हाताने, कारण उजव्या हाताने पर्स घट्ट धरलेली होती.