आप्पा वाळूत उतरले

आमच्या शेजारचे आप्पा चौगुले घाबरायचे, आणि मोठ्यानं घाबरायचे. कुकरची शिट्टी व्हायच्या बेताला आली की हा सहा फुटी, भरघोस मिशांचा माणूस घरातून बाहेर येऊन रस्त्यावर उभा राहायचा. शिट्टी झाली की आत. कुणी विचारलं तर लाजणं वगैरे काही नाही. "भ्यावं माणसानं," ते म्हणायचे. "न भ्यालेली सगळी भिंतीवर हायत. फोटोत. हार घालून."

रंकाळा तलावावर ते कठड्यापासून लांबून चालायचे. पिक्चरला दाराजवळचीच खुर्ची लागायची. इंजेक्शन घ्यायच्या आधी ही सुई कुणाकुणाला टोचलीय, याची ते डॉक्टरांकडं कसून चौकशी करायचे.

त्यांचा आवाज मोठा असण्याला कारण होतं. उद्यमनगरात ट्रक-बसच्या बॉड्या बांधायचं त्यांचं वर्कशॉप, तिथं दिवसभर पत्र्यावर हातोडे. आणि घरी शांताकाकी. काकी मुरगूडच्या. लग्नानंतर थोड्याच वर्षांत विषमज्वर झाला आणि त्यात त्यांचे कान गेले. अगदी कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर थोडंफार कळायचं. त्यामुळं आप्पांचा संसार आख्ख्या गल्लीला पाठ होता. रात्री "दाराला कडी घातलीस काय?" असं आप्पा ओरडले की निम्मी गल्ली उठून आपापली कडी बघून यायची.

असा माणूस एके दिवशी मला म्हणाला, "मास्तर, राजस्थानला जायाचं. हिनं कॅलेंडरवर वाळू बघितल्याय. हितंच जायाचं म्हणत्याय."

रेल्वेवर त्यांचा विश्वास नव्हता, हॉटेलातल्या पाण्यावर तर मुळीच नव्हता. म्हणून त्यांनी मोडीत निघालेली एक छोटी बस घेतली आणि तिच्यात घरच बांधलं. झोपायला बाकं, स्टोव्ह, पाण्याची टाकी, भाकरीच्या पिठाचा डबा. हायस्कुलात हिंदी शिकवतो म्हणून बोलायला मी. सुट्टी मला मे महिन्यातच. "आप्पा, मे महिन्यात वाळवंट?" मी म्हणालो.

"पावसाळ्यात चाकं रुततील. थंडीत डिझेल गोठंल. उनानं काय हुतंय? घाम येतोय."

गुजरात मागं पडलं तशी झाडं बुटकी होत गेली, मग विरळ झाली, मग एखादंच. वाटेत लालभडक ओढण्या घेतलेल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन चाललेल्या दिसायच्या. त्या कुठून आल्या आणि कुठं चालल्या, ते मात्र दिसायचं नाही. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना पिवळट रान, वर पांढरं पडलेलं आभाळ. गाडी चालतेय की एकाच जागी घरघरतेय, कळेनासं झालं.

"मास्तर, आडोसा न्हाय ओ कुठं," आप्पा स्टिअरिंग घट्ट धरून म्हणाले. "आपल्याकडं कसं, दोन्ही अंगाला ऊस. माणूस लपायला तरी जागा. हितं लपायचं कुठं?"

"कुणापासून लपायचंय?"

"ते कुटं ठावं हाय! म्हणूनच भ्या वाटतंय."

त्यांनी वाळूत पाऊल टाकायला साफ नकार दिला. एका टपरीवर गाडीच्या खिडकीतूनच त्यांनी पागोटेवाल्या म्हाताऱ्याला विचारलं, "ओ पावणं, इधर साप हाय क्या?" म्हातारा हसून "बहुत" म्हणाला. त्यानंतर पाणी भरणं, वाट विचारणं, सगळं माझ्याकडं लागलं. काकी मात्र खिडकीला नाक लावून बसल्या होत्या आणि लहान मुलीसारख्या हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना इंजिन तापलं म्हणून आम्ही वाटेत थांबलो. आप्पा बाकावर आडवे झाले, मी रेडिएटरमध्ये पाणी ओतत होतो. थोड्या वेळानं आप्पांची हाक आली.

"मास्तर, ह्यो डोंगर मघाशी न्हवता."

मी मान वर केली. पश्चिमेला तपकिरी भिंत उभी होती. आणि ती पुढं सरकत होती.

"ही कुठं हाय?" आप्पांनी विचारलं.

काकी गाडीत नव्हत्या. रस्त्यापलीकडच्या वाळूत त्यांच्या पावलांचे ठसे टेकाडामागं गेले होते.

"शांतेऽऽ!" आप्पा ओरडले. गल्लीला हलवणारा तो आवाज. पण जिला हाक मारली, तिला तो पोचणार नव्हता, आणि हे आप्पांना माझ्याआधी कळलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी गाडी ओढायचा दोर काढला, एक टोक बंपरला बांधलं, दुसरं कमरेला, आणि अनवाणीच वाळूत उडी टाकली.

मग वादळ आलं. दिवसाचा संधिप्रकाश झाला, नाकातोंडात वाळू, हात पुढं केला तर दिसेना. मी बंपरला चिकटून दोर धरून बसलो. दोर ताणला गेला. बराच वेळ तसाच राहिला. मग एकदम सैल पडला. आले, असं वाटून मी भराभर ओढला, तर हातात नुसतं टोक आलं.

आप्पांनी गाठ सोडली होती.

आता या रानात मी एकटाच, असं मनात आलं. चाचपडत आत चढलो आणि हॉर्नवर हात दाबून धरला. किती वेळ, सांगता येत नाही. बाहेर नुसता घोंघावणारा काळोख. शेवटी पत्र्यावर कुणीतरी थापा मारल्या.

दार उघडलं तर दोघं. काकींच्या केसांत वाळू, पण चेहरा निवांत. "झुडपाला टेकून बसले हुते पदर घिऊन," त्या म्हणाल्या. "वाट दिसंना, मग कशाला हालायचं?" हॉर्न त्यांना ऐकू आला नव्हता. त्याच्या रोखानं आप्पांनीच त्यांना हाताला धरून आणलं होतं.

वारा पडला. आप्पा पाण्याचा तांब्या घेऊन माझ्याशेजारी बसले. काकी मागं केस झाडत होत्या.

"हुडकताना ही पायालाच लागली," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचा एवढा हळू आवाज मी ऐकला नव्हता. "सापडली, आन् कानाला तोंड लावलं, तर काय बोलावं तेच सुचंना. मास्तर, हिच्यासंगं म्या काय बोललोय जलमभर? च्या टाक. दार लाव. जे वरडून सांगता येतंय तेवढंच. बाकीचं गल्लीत वरडून कसं सांगायचं ओ?"

मी स्टोव्ह पेटवायला उठलो.

सकाळी चहा झाल्यावर आप्पा म्हणाले, "मास्तर, तुम्ही आतच बसा. आन् काचा लावून घ्या. समद्या."

"आप्पा, आत्ताच उकडतंय."

"उकडू द्या की."

ते खाली उतरले. प्रत्येक पाऊल टाकायच्या आधी वाळू नीट न्याहाळत, काकींचा हात धरून, टेकाड चढून गेले. माथ्यावर उभं राहून त्यांनी चारी दिशांना नजर टाकली. माणूस नव्हतं. मग काकींच्या कानाशी वाकले.

काचेतून मला शब्द कळत नव्हते, नुसती घुमघुम यायची. आप्पांची पाठ हलताना दिसत होती. ते खूप वेळ ओरडत होते. काकी समोर बघत ऐकत होत्या. मग त्या वळून काहीतरी म्हणाल्या, आणि आप्पा होते तिथंच वाळूत मटकन बसले. काकीही शेजारी बसल्या.

सदरा घामानं अंगाला चिकटला होता. ते दोघं उतरायला लागेपर्यंत मी एकही काच उघडली नाही.