तात्यांनी शेवटच्या थांब्याचं तिकीट काढलं की

तात्या मोटारीत चढून शेवटच्या थांब्याचं तिकीट मागायला लागले, की ड्रायव्हर आपले गुन्हे आठवत बसायचा. तात्या म्हणजे रत्नागिरीच्या पोलीस कचेरीतले पट्टेवाले. कुणा ड्रायव्हरचं लायसन रद्द झालं, की कागद नेऊन द्यायचं काम त्यांचं. कागद लिहिणारा कारकून मी, पण शिव्या सगळ्या त्यांना.

त्यांचा नेम ठरलेला. वाटेत कागद द्यायचा नाही. "पंधरा माणसं काय मध्येच पालीच्या थांब्यावर उतरवू? कागद हातात पडेपर्यंत लायसन शाबूत," हा तात्यांचा स्वतःचा कायदा. मोटार रिकामी झाली, ड्रायव्हरचा चहा झाला, की मग लिफाफा.

एकदा ते राजापूरला भाचीच्या लग्नाला निघाले. ड्रायव्हर लांज्यापर्यंत कसाबसा आला, गाडी थांबवली आणि भडाभडा बोलायला लागला, "तात्या, ती कोंबडी माझ्याच चाकाखाली गेली. दिवाही बंद होता."

"मेल्या, चल आधी. मुहूर्त टळतोय," तात्या म्हणाले.

मग आबांचा कागद निघाला. गावात मोटार आली तेव्हापासून आबा ती हाकत होते. डॉक्टरांनी डोळे अधू ठरवले. तात्यांनी त्या दिवशी नेम मोडला. सकाळी उतारू यायच्या आत स्टँडवर जाऊन कागद दिला. मी सोबत होतो.

"आजची एक खेप नेऊ दे रे. रस्ता पाठ आहे माझा," आबा म्हणाले.

"रस्ता पाठ आहे, आबा. रस्त्यावरची माणसं नाहीत."

मला तात्यांचा रागच आला. इतर सगळ्यांना चहा पाजणारा माणूस, आणि आबांनाच एवढा कोरडेपणा?

पावसाळा सरता सरता आबांची दृष्टी पारच गेली. कचेरी सुटल्यावर तात्या रोज त्यांना हाताला धरून स्टँडवर आणतात, हे मला फार उशिरा कळलं. एका संध्याकाळी मीही जाऊन बसलो. मोटार आली, की आबा नुसत्या आवाजावरून ओळखायचे.

"ही राजापूरची."

"बरोबर," तात्या म्हणाले.

समोर पाटी चिपळूणची. मी तोंड उघडणार, तोच तात्यांनी माझा हात दाबला. ड्रायव्हर खाली उतरला. त्याने एकदा तात्यांकडे पाहिलं.

"राजापूरहूनच आलो, आबा. चढणीला गाडी तापली."

"तापणारच," आबा म्हणाले. "पहिल्यापासून तशीच आहे ती. उद्या निघायच्या आधी पाणी बघ."

"बघतो, आबा."