पावणं, दात दाखवा

आमच्या समोरच्या फ्लॅटातले गणपाआण्णा मोबाईलवर गेम खेळतात ते टॉवेलखाली. मांडीवर मोबाईल, डोक्यावरून टॉवेल, आणि आत आण्णा. आमच्या कळंबा भागात नवीन आलेल्या माणसाला वाटतं, आजोबांना सर्दी झालीय, वाफ घेताहेत.

याला कारण आहे. आण्णांनी सारा जन्म जनावरांच्या बाजारात दलाली केली. तिथं म्हशीचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं जण टॉवेलखाली हात घालतात, बोटं दाबून आकडा सांगतात, आणि भोवती उभ्या असलेल्या गर्दीला पत्ता लागत नाही. "उघड्यावर सौदा करतंय ते येडं," आण्णा म्हणतात. "मग ती म्हस असू दे, न्हायतर मोबाईलमधला घोडा."

गेम घोड्यांचाच आहे. घोडा पाळायचा, शर्यतीत पळवायचा आणि वाटलं तर दुसऱ्या खेळाडूच्या घोड्याशी बदलायचा. त्यासाठी पडद्यावर एक चौकट उघडते. दोघांनी आपापला घोडा तिथं ठेवायचा आणि हिरवं बटण दाबायचं. घोड्यावर बोट टेकवलं की त्याचं वय, वेग, नाव, पहिला मालक, सगळं दिसतं. या माहितीला आण्णा 'दात' म्हणतात, कारण बाजारात जनावराचं वय दातांवरून ठरतं. समोरचा खेळाडू गुवाहाटीचा असो की जयपूरचा, आण्णा इंग्रजी अक्षरांत त्याला पहिलं वाक्य पाठवतात, "पावणं, दात दाखवा."

या गेममध्ये लबाड लोक बक्कळ. चौकटीत आधी उमदा घोडा ठेवायचा, तुम्ही खूश झालात की "नेट गेलं" म्हणून चौकट मिटायची, आणि पुन्हा उघडताना त्याच रंगाचं भिकार तट्टू ठेवून "लवकर करा" असा धोशा लावायचा. आण्णा अशांपुढं मुद्दाम बावळट होतात. "आमाला म्हाताऱ्याला ह्यातलं काय कळतंय?" असं लिहितात आणि तिकडं सगळं रेकॉर्ड करतात. तट्टू दिसलं रे दिसलं की रेकॉर्डिंग खेळाडूंच्या ग्रुपवर आणि तक्रार गेमच्या कंपनीकडं.

तक्रारी मी लिहितो. मी शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं, त्याचा कुणावर काही परिणाम झाल्याचं मला आठवत नाही. आता माझ्या एका पत्रासरशी लोकांची खाती बंद पडतात. "मास्तर, जरा झणझणीत लिवा की," एवढीच आण्णांची सूचना असते.

मला आण्णांचा फार अभिमान वाटतो. आज सौदा संशयाचा वाटला की बंगाली पोरंसुद्धा ग्रुपवर 'दात दाखवा' लिहितात. कंपनीनं आण्णांच्या नावापुढं ढालीचं चिन्ह दिलंय. आण्णांनी त्याचा फोटो मोठा करून, फ्रेम करून दलालीच्या परवान्याशेजारी टांगलाय.

ही खुमखुमी कुठून आली, ते मात्र आण्णांनी एकदाच सांगितलं, गॅलरीत चहा पिताना.

बिद्रीजवळचं गाव सोडून ते मुलाच्या फ्लॅटात आले, तेव्हा त्यांच्या बायकोची, मालूकाकूंची, चंद्री म्हैस विकावी लागली. काकूंना करमेना, म्हणून सुनेनं त्यांना हा गेम लावून दिला. काकूंनी पांढरी घोडी पाळली आणि तिचं नाव चंद्रीच ठेवलं. एके दिवशी कुणीतरी तिच्या बदल्यात शर्यतीतला पांढरा घोडा देऊ केला. काकूंचं मन होईना. त्यांनी विचारलं, "काय करू वो?" आण्णांनी घोड्याचे दात बघितले आणि म्हणाले, "दे बिनघोर." तेवढ्यात चौकट मिटली, पुन्हा उघडली. आण्णांनी दुसऱ्यांदा दात बघितले नाहीत.

"बाजारात एकदा हात दिला की जनावर बदलत न्हाय, मास्तर. म्या त्याच गुर्मीत ऱ्हायलो." घोडी गेली, काकूंच्या पदरी तट्टू आलं.

"शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. एक शबूद बोलली न्हाय. पर तवापास्नं मला काय इचारतच न्हाय. लुगडं घेऊ का, दवाखान्यात जाऊ का, कायच न्हाय. दोन वरसं झाली."

गेल्या महिन्यात एका दुपारी आण्णांनी माझं दार बडवलं. त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. चौकटीत पांढरी घोडी, नाव चंद्री, पहिली मालकीण मालूकाकू. भामट्यानं खातं बदललं होतं, पण डाव तोच होता, फक्त आमिष आता चंद्रीचं होतं. आण्णा बावळट झाले, नेट गेलं, चौकट पुन्हा उघडली आणि तट्टू रेकॉर्ड झालं. मी आयुष्यातलं सगळ्यात झणझणीत इंग्रजी लिहिलं. आठवड्यानं कंपनीनं शहानिशा करून घोडी काकूंच्या खात्यात परत घातली.

आण्णा मला साक्षीदार म्हणून घेऊन गेले. काकू पावटे सोलत होत्या. आण्णांनी त्यांचं खातं उघडून मोबाईल त्यांच्यापुढं ठेवला. काकूंनी पदराला हात पुसले आणि घोडी निरखून बघितली.

"वाळलीया," त्या म्हणाल्या.

गेममधली घोडी वाळत नसते. काकूंनी तिला चारा घातला, पाणी पाजलं. तेवढ्यात मोबाईल वाजला. कुणाला तरी चंद्री हवी होती, तिच्या बदल्यात तो चार घोडे द्यायला तयार होता. काकूंनी वाचलं आणि मान वर केली.

"अवो, ह्ये पावणं काय म्हणत्यात बघा की. काय करू?"

बाजारात भल्याभल्यांना पाणी पाजलेला तो माणूस टॉवेलनं डोळे पुसायला लागला. मग काकूंच्या शेजारी टेकला आणि तोच टॉवेल दोघांच्या डोक्यावरून ओढून घेतला.

"द्यायची न्हाय," आतून आण्णांचा आवाज आला.

"ते मलाबी कळतंय," काकू म्हणाल्या. "तरीबी इचारलं."