मार्थाबाईंना पावडर खपत नसे

मार्थाबाईंसमोर पावडर लावून जायची सोय नव्हती. त्या पदराचं टोक माठाच्या पाण्यात भिजवत आणि सरळ तुमचं तोंड पुसून काढत. वेल्ह्याच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या, मी नवीन ग्रामसेविका, आणि आम्हा दोघींत मिळून एकच खोली. त्यामुळे रोज सकाळी माझं तोंड दोनदा धुतलं जाई. एकदा मी धुवायची, एकदा त्या.

"देवाच्या हातचं काम आहे, कुसुम. त्याला चुना मारू नये."

बाई नगरकडच्या ख्रिस्ती घरातल्या. पन्नाशीच्या, एकट्या. कोपरापर्यंत झंपर, आणि केस इतके ताणून बांधलेले की भुवया कायम वर चढलेल्या. मी आणलेला आरसा त्यांनी भिंतीकडे तोंड करून टांगला. बाईचा साज आतला असावा, असं पवित्र शास्त्रात सांगितलंय, हे त्या बाळंतिणींनाही सांगत, तेही ऐन कळा चालू असताना. कळा देणारी बिचारी कशाला वाद घालते! एकदा कुणा साहेबांची बायको ओठ रंगवून खोकल्याचं औषध न्यायला आली. घसा बघायचाय म्हणून बाईंनी आधी तिचे ओठ पुसले, मग म्हणाल्या, "घसा बरा आहे."

मी आधी वाद घालून दमले. मग न घालून दमले.

त्या उन्हाळ्यात जवळच्या पाली गावची सखू दवाखान्यात आली. आदल्या वर्षी तिला देवी आल्या होत्या. जीव वाचला, पण गाल वणांनी भरून गेले. नवरा मुंबईला गोदीत कामाला. तो गेला तेव्हा तिचा चेहरा साफ होता, आणि आज दुपारच्या एसटीनं तो परत येणार होता.

"बाई, ह्ये झाकायचं काय औषिद हाय का?" ती पदराआडून म्हणाली. "त्येनला ठावं न्हाई. म्या कळिवलंच न्हाई."

मी मनात म्हटलं, झालं. आता चुन्याचं प्रवचन.

बाईंनी तिचा पदर बाजूला केला आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "कुसुम, तुझा पावडरचा डबा आण."

मला वाटलं, फेकायलाच मागताहेत. पण त्यांनी तळहातावर पावडर घेतली, पाण्याचा थेंब टाकला आणि एका बोटानं तिच्या गालांवर लावू लागल्या. इतक्या हलक्या हातानं मी त्यांना तान्ह्या पोरांनाही धरताना पाहिलं नव्हतं.

"बाई, तुम्ही?"

"गप्प बस. हे नटणं नव्हे. तिला मान वर करता यावी, एवढंच."

वण काही झाकले नाहीत. थोडे मऊ दिसू लागले, इतकंच.

दुपारी स्टँडवर धुरळा उडवत एसटी आली. सखूला पुढे करून बाई मागे अशा उभ्या राहिल्या, की जणू नवऱ्यालाच सुई टोचायचीय. तो ट्रंक घेऊन उतरला. सखूनं खरंच मान वर केली. तो नुसता बघत राहिला.

मग ट्रंक खाली ठेवत तो म्हणाला, "एवढं दुखनं काडलंस, अन् मला कळिवलं न्हाईस व्हय गं?"

त्याचा आवाज चिरकला. सखू पदरात तोंड घालून रडली आणि सगळी पावडर पदराला लागली. मग दोघं पालीच्या वाटेला लागली. ती मागं पडली तसा तो थांबला, तिच्यासाठी.

एसटी गेली. स्टँडवर आम्ही दोघीच उरलो.

"चला बाई, पेशंट खोळंबलेत."

बाई चिंचेखालच्या दगडावर बसल्या. त्या दोघांच्या वाटेकडे पाहत म्हणाल्या, "मी दिसायला बरी होते गं, तरुणपणी."

मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"आई म्हणायची तसं. ती गेली. मग कुणी म्हणालंच नाही."

"अजूनही आहात," मी म्हणाले.

"खोटं बोलू नये," त्या म्हणाल्या, आणि जरा सरकून त्यांनी माझ्यासाठी दगडावर जागा केली.